शून्य ग्रॅमची म्हैस

आधी एक कोडं.

एक म्हैस आहे. तिच्या म्होरकीत (तोंडाभोवती बांधायच्या दोरीत) अंगठ्याएवढं यंत्र बसवलंय. तिच्या श्वासातून एक वायू बाहेर पडतो, तो हे यंत्र मोजतं. सोमवारी आकडा होता दोनशे बारा ग्रॅम. शनिवारी आला शून्य. शाळेच्या भिंतीवरच्या फळ्यावर ते शून्य उमटलं, तेव्हा सगळ्या धनगरवाड्यानं टाळ्या वाजवल्या. एकटा पोटोबा तेवढा गप्प राहिला.

का?

लगेच उत्तर देऊ नका. सोनकीनं लगेच दिलं होतं.

२१२

सोनकी येडगे अकरा वर्षांची. सह्याद्रीच्या माथ्यावर नऊ घरांचा त्यांचा वाडा, आणि घरांच्या चौपट म्हशी. आई-बाबा खाली शहरात कामाला. वर सोनकी, तिचा आजा जानू आणि कवडी. कवडीच्या कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका होता, म्हणून ते नाव. सोनकी रांगत होती तेव्हा ती कवडीच्या चार पायांमधून आरपार जायची, आणि ती बाहेर पडेपर्यंत कवडी एकही पाय हलवायची नाही, असं आजा सांगे.

जंगल वाचवायचं म्हणून मोकळी चराई दहा वर्षांमागं बंद झाली होती. म्हशी दावणीला, पाला तोडून आणून पुढ्यात टाकायचा. आणि पृथ्वी तापली होती म्हणून एक रेषा ठरली होती: एका म्हशीनं दिवसाला दीडशे ग्रॅमच मिथेन (रंग नाही, वास नाही, पण हवा तापवण्यात पटाईत असा वायू) सोडायचा. रविवारी मोजणी. जी म्हैस रेषेच्या वर, ती खाली सपाटीवरच्या मोठ्या गोठ्यात जाणार. तिथं हजारभर म्हशी होत्या, छताला वायू ओढून घेणारे पंखे होते. कवडीला नावानं हाक मारणारं तिथं कुणी नव्हतं.

सोमवारी फळ्यावर कवडीपुढं २१२ लागलं. वाड्यातला सगळ्यात मोठा आकडा.

सोनकी पोटोबाकडे गेली.

पोटोबा म्हणजे पशुविज्ञान केंद्रानं वाड्याला दिलेला यंत्रमानव. खरं तर यंत्रम्हैसच. चार पाय, लांब मान आणि पोटाच्या जागी काचेची घागर. घागरीत हिरवट, फेसाळ, कोमट पाणी डचमळत असे. ते खऱ्या म्हशीच्या पोटातून काढलेलं, जिवंत पाणी होतं. पोटोबाला पाला भरवला की तो आधी ढेकर द्यायचा आणि मग त्यातून किती वायू झाला ते सांगायचा. पोरं ढेकर ऐकायलाच जमत.

"पोटोबा, वायू मागनं येतो ना?"

"सगळ्यांना तसंच वाटतं," पोटोबा म्हणाला. "पण म्हशीचा मिथेन जवळजवळ सगळा तोंडातून येतो. ढेकरेतून. मागच्या बाजूची उगीच बदनामी झाली आहे."

एरवी सोनकी हसली असती.

"पण तो होतोच कशाला?"

"गवत तुला पचत नाही. खरं सांगू? म्हशीलाही पचत नाही."

"आँ? मग ती दिवसभर खाते काय?"

"ती खाते आणि दुसऱ्यांना खाऊ घालते. तिच्या डाव्या कुशीत कोठीपोट असतं (चार कप्प्यांतला सगळ्यात मोठा कप्पा, शंभर लिटरपेक्षाही मोठा). त्यात कोट्यवधी सूक्ष्मजीव राहतात. आंबोळीचं पीठ आंबतं ना, तसं ते गवत आंबवतात. त्यातून म्हशीला ताकद मिळते. पण आंबताना हायड्रोजन सुटतो. तो साचला तर पुढचं आंबणं अडतं. म्हणून आणखी एक जमात तिथं असते. ती हायड्रोजन घेते, त्याला कार्बन डायऑक्साइड जोडते आणि मिथेन करून मोकळी होते. म्हैस ढेकर देते."

"म्हणजे ती जमात वाईट."

"ती घर झाडते," पोटोबा म्हणाला. "फक्त केर आकाशात टाकते. आणि त्या केराबरोबर चाऱ्यातली थोडी ताकदही वाया जाते. केर कमी झाला तर म्हशीचाही फायदाच."

सोनकीच्या कानात शेवटचं वाक्य राहिलं.

तिनं पोटोबाला एकेक चारा भरवला. भाताचा पेंढा: वायूच वायू. उंबराचा पाला: कमी. हादगा: आणखी कमी. मग तिनं ओट्यावर वाळत घातलेल्या हिरड्याची चिमूटभर पूड घागरीत टाकली. पोटोबाची ढेकर इतकी बारीक आली की दोन पोरं नाराज होऊन निघून गेली.

"टॅनिन," पोटोबा म्हणाला. "झाडाचं तुरट द्रव्य. आपल्याला कुणी ओरबाडून खाऊ नये म्हणून झाड ते पानात, सालीत, फळात भरून ठेवतं. कोठीपोटात थोडं टॅनिन गेलं की मिथेन करणाऱ्यांचा जोर ओसरतो. शिवाय ते प्रथिनांना धरून ठेवतं, त्यामुळं ती पुढच्या पोटापर्यंत शाबूत पोचतात. पण शंभर भाग चाऱ्याला दोन भाग, एवढंच. आणि आठवडाभर थांबून बघायचं."

सोनकीला नवल वाटलं नाही. वाड्यातल्या प्रत्येक तान्ह्या पोराला हिरड्याची गुटी मिळायची. पोटात वारा धरला की हिरडा, हे तर तिला चालायला यायच्या आधीपासून माहीत होतं.

मात्र आई सहाणेवर हिरडा उगाळताना मोजायची. पोर महिन्याचं तर एक वेढा, दोन महिन्यांचं तर दोन. ते मोजणं सोनकीनं कितीदा पाहिलं होतं. ते आईचं गाणं आहे असं तिला वाटायचं.

१९०

मंगळवार. दोन ओंजळी हिरडा दिला. बावीस ग्रॅम कमी.

आठवडाभर थांबायला आठवडा होता कुठं? सोनकीनं पाटी घेतली.

दोन ओंजळींत बावीस कमी.
बासष्ट कमी व्हायला हवेत.
तर किती ओंजळी?

त्रैराशिक (तीन आकड्यांवरून चौथा काढायची रीत) तिला छान यायचं. उत्तर आलं साडेपाचच्या थोडं वर. तिनं सहा लिहिलं. गणित बरोबर होतं. कोठीपोटाला त्रैराशिक येत नाही, एवढंच पाटीवर कुठं लिहिलेलं नव्हतं.

"किती घातलंस?" पोटोबानं विचारलं.

"दोनच ओंजळी."

पोटोबाला खोटं ओळखता येत नसे. त्याला तशी गरज कधी पडली नव्हती.

१३१

गुरुवार. रेषेच्या खाली!

इथं थांबता आलं असतं.

पण फळ्यासमोर भागाकाकू उभी होती. शेजारची, जिभेची धारदार. ती म्हणाली, "अगंबया, जानूमामाची थेरडी म्हस पार खाली आली की! माझी मोरी तर एकशे सत्तरला बसलीया ठाण मांडून. काय मंतर घातलास गं?"

सोनकीला आतून गोड वाटलं. कवडी नुसती वाचणार नव्हती, पहिली येणार होती.

ओंजळी बारा झाल्या. वर हिरड्याचा कोवळा पाला.

५८

शुक्रवार. कवडीनं तोंड फिरवलं.

सोनकीनं पूड गुळात मळली, लाडू केला आणि तळहातावर धरला. कवडीनं हुंगलं. सोनकीकडे पाहिलं. मग खाल्लं. सोनकीच्या हातचं ती कधी टाकत नसे.

"आज दूध निम्म्यावर आलंय," धार काढून आजा म्हणाला. "कशापायी?"

"ऊन लई हाय, आजा."

आजानं कवडीच्या पाठीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. पण मग कुणीतरी त्याला हाक मारली.

०

शनिवार सकाळ. टाळ्या.

"सोनकी," पोटोबा म्हणाला. "गोठ्यात चल."

"बघितलंस का? शून्य! आख्ख्या डोंगरावर कुणाचं—"

"चल."

"तुला आनंद न्हाई झाला?"

"कवडी रवंथ करते आहे का?"

दोघं गोठ्यात आली, तर कवडी डोळे मिटून पडली होती.

"सोनकी?"

"झोपलीय. दमली असंल."

"तिच्या डाव्या कुशीला कान लाव. बरगडी संपते तिथं, खळग्यात. काय ऐकू येतं?"

"काय यायला पायजे?"

"लांबवर ढग गडगडल्यासारखं. मिनिटातून एक-दोन वेळा. कोठीपोट घुसळण करतं त्याचा आवाज."

सोनकीनं कान लावला. कवडीची कातडी तापलेली होती. तिनं श्वास रोखला. एक मिनिट झालं. दुसरं झालं. गोठ्याबाहेर कोंबड्या माती उकरत होत्या, ते ऐकू येत होतं. दूर कुणीतरी अजून हसत होतं, तेही. कुशीतून काहीच नाही.

"किती घातलंस?" पोटोबानं पुन्हा विचारलं.

या वेळी तिनं खरं सांगितलं.

 पोटोबा म्हणाला, "हिरड्याचा तुकडा जिभेवर ठेव."

तिनं ठेवला. जीभ आवळली, कोरडी पडली, टाळूला चिकटली. तिला थुंकावंसं वाटलं.

"टॅनिन प्रथिनांना धरतं, असं मी म्हणालो होतो. तुझ्या लाळेतली प्रथिनं त्यानं धरली, म्हणून जीभ अशी झाली. याच हिरड्यानं चामडं कमावतात. थोडं असलं तर ते मिथेन करणाऱ्यांना आवरतं. फार झालं तर सगळ्यांनाच आवरतं. गवत आंबवणारे गेले, घुसळण थांबली, पोटाचं अस्तर भाजलं. आत आता काही शिजत नाही."

"पण आकडा..."

"चुलीचा धूर कमी करायचा तर काय करशील?"

"सुकं लाकूड घालीन," ती हळू आवाजात म्हणाली. "फुंकणी मारीन."

"आणि चुलीवर घागर ओतलीस तर धूर किती निघेल?"

 सोनकीनं कवडीची म्होरकी काढली आणि यंत्रासकट बाजूला ठेवली. मग तिला कळलं की कवडीचं पोट पुन्हा चालू झालं तर ते यंत्रच सांगणार, आणि तिनं ती पुन्हा बांधली. गाठ दोनदा सुटली.

आजा धावत आला. त्यानं खालच्या पशुवैद्यांना कळवलं. त्यांना घाट चढून यायला चार तास लागणार होते. आजानं कवडीचा जबडा उघडून पाहिला, दातांच्या हिरड्या पाहिल्या, आणि कुणालाही न विचारता म्हणाला, "उसना रवंथ द्यायला पायजे."

"म्हणजे?" पोटोबानं मान वर केली.

"माझा बा द्यायचा. म्हशीनं रवंथ टाकला की धडधाकट म्हशीच्या तोंडातला घास काढायचा नि आजारीच्या तोंडात घालायचा. कशानं गुण येतो ते त्याला ठावं नव्हतं. कधी यायचा, कधी न्हाई."

"सूक्ष्मजीव," पोटोबा म्हणाला. "त्या घासातून सूक्ष्मजीव जातात. विझलेल्या घरात शेजारचा विस्तव. पण एका घासानं आता भागायचं नाही." त्यानं स्वतःच्या घागरीकडे मान वळवली. "माझ्यात बारा लिटर आहे."

"तुला काय व्हईल?" आजानं विचारलं.

"निम्म्याहून कमी उरलं तर माझी घागर मरते. मग मला पाल्याविषयी काही सांगता येणार नाही."

"निम्मं दे," आजा म्हणाला.

"सगळं दे!" सोनकी ओरडली.

पोटोबानं अकरा लिटर दिलं. घागरीची नळी आजानं कवडीच्या घशातून सांभाळून खाली घातली, सोनकीनं डोकं धरलं. काचेतलं हिरवट पाणी उतरत गेलं. घागरीच्या तळाशी थोडा फेस राहिला.

३

दुपारी कवडीच्या कुशीत एकदा गुरगुरलं. एकदाच. फळ्यावर शून्याच्या जागी ३ आला.

त्या तिनाला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सोनकीनं वाजवल्या असत्या, पण तिचे दोन्ही हात कवडीच्या कानांमागं होते. तिथं खाजवलेलं कवडीला आवडायचं.

पशुवैद्य आले. सुया टोचल्या, औषध पाजलं. बाहेर जाऊन ते आजाशी हळू बोलले. ऊन कलायच्या आत कवडीनं मान सोनकीच्या मांडीवर टेकली. मान फार जड होती. मग आणखी जड झाली.

—

रविवार. फळ्यावर कवडीच्या नावापुढं आता शून्यही नव्हतं. रेघ होती.

मोजणीच्या बाई दहाला यायच्या होत्या. आठलाच ओट्यासमोर बायका जमल्या. भागाकाकूच्या काखेत टोपली होती, टोपलीत हिरडा.

"वाईट झालं गं पोरी," ती म्हणाली, आणि खरंच तिचे डोळे ओले होते. "पण म्हातारी झालीवती ती. जाता जाता आकडा काय दावून गेली! तुमच्या ओट्यावरचा हिरडा सगळा संपलाय, म्हंजी त्येच घातलंस, व्हय ना? आम्ही कुटायला बसतोय. किती घालायचं तेवढं सांग."

सोनकीनं आजाकडे पाहिलं. आजा तिच्याकडेच पाहत होता. त्यानं मान हलवली नाही, डोळाही मोडला नाही. त्याला सगळं ठाऊक होतं, आणि तो ते बोलणार नव्हता. बोलायचं असलं तर ते तिचं होतं. न बोलली असती, तर वाडा तिला जन्मभर हुशार म्हणाला असता.

टोपलीत निदान वीस ओंजळी होत्या.

"म्हातारपणानं न्हाई गेली," सोनकी म्हणाली. "मी मारली."



मग तिनं सगळं सांगितलं. ओंजळी, पाटी, गुळाचा लाडू, तोंड फिरवलेलं, पोटोबाला मारलेली थाप.  लाडवापाशी तिनं नाक पुसलं आणि तिथूनच पुढं सांगितलं. शून्य म्हणजे काय, हेही सांगितलं.

भागाकाकूनं टोपली खाली ठेवली. "एवढी शिकल्याली पोर तू," ती म्हणाली. तिनं लुगड्याचा पदर तोंडाला लावला.

"चूक एकल्या पोरीची न्हाई," आजा म्हणाला. आता तो बोलला. "आम्ही म्हशी रानात चारायचो तवा हिरडा त्या रोजच खायच्या की. पण कसं? उंबराचे दोन घास, पुढं ऐनाचा एक, जांभळीचं शेंडं, मग गवत. हिरड्याखाली आल्या की एक घास घ्यायच्या नि आपणच पुढं व्हायच्या. एका झाडाशी म्हस उभी ऱ्हात न्हाई. माप तिच्या पायात हुतं. आम्ही तिला दावणीला बांधली, नि माप कुणीच हातात घेतलं न्हाई. मी बी न्हाई."

पोटोबा ओट्याच्या कडेला उभा होता. घागर जवळजवळ रिकामी, आवाज नेहमीपेक्षा पोकळ.

"हे माझ्या नोंदींमध्ये नाही," तो म्हणाला. "जानूआजोबा, सावकाश, परत सांगा. कोणत्या झाडाचे किती घास?"

मोजणीच्या बाई आल्या. त्यांनी आकडे घेतले, सोनकीची हकिकत ऐकली आणि आजाची यादी वाचली. नियम त्यांच्या हातात नव्हता. रेषेच्या फार वर असलेल्या चार म्हशी त्या दिवशी खाली गेल्या. घाटाच्या वळणापर्यंत त्यांचं हंबरणं ऐकू येत होतं. थोड्याच वर असलेल्यांना दिवाळीपर्यंत मुदत देणं तेवढं त्यांच्या हातात होतं, ती त्यांनी दिली.

१६८

पुढं पाच महिने सोनकी पाटीवर रोज एकच ओळ लिहीत होती. पेंढा किती, उंबर किती, हादगा किती, जांभूळ किती, हिरडा चिमूट. एक गोष्ट बदलायची, आठवडाभर थांबायचं, बघायचं. आधी पोटोबाच्या घागरीत. ती पुन्हा जिवंत करायला वाड्यातल्या सात म्हशींनी पोटातलं थोडं-थोडं पाणी दिलं होतं. घागरीत जमलं, की खऱ्या म्हशीला.

खरी म्हैस कोण देणार, हा प्रश्न होता. सोनकीनं कुणालाच विचारलं नाही. एका सकाळी भागाकाकूच मोरीचं दावं धरून ओट्यासमोर आली.

"धर," ती म्हणाली. "पर तिनं तोंड फिरवलं तर माझ्याकडं यायचं. लगोलग. रात बघायची न्हाई, दुपार बघायची न्हाई."

"व्हय, काकू."

"नि गूळ न्हाई."

"न्हाई, काकू."

आज मोरीच्या नव्या मिश्रणाचा आठवा दिवस. शाळेच्या पडवीतून पोटोबानं हाक मारली. "फळ्यावर आकडा आला आहे. सांगू?"

"थांब!"

सोनकी मोरीच्या डाव्या अंगाला गेली. गव्हाण पाहिली: पेंढ्याची काडी उरली नव्हती. मोरीचा जबडा संथ, आडवा फिरत होता. सोनकीनं खळग्यात कान लावला आणि डोळे मिटले.

दूरवर गडगडलं.

"एक," ती पुटपुटली.

वेळ जात राहिला. गोठ्याच्या पत्र्यावरून एक कावळा उडाला. सोनकी हलली नाही.

पुन्हा गडगडलं. जवळून, भरून.

"दोन. आता सांग."

"एकशे अडुसष्ट," पोटोबा म्हणाला. "मागच्या आठवड्यापेक्षा चार कमी. रेषेच्या अजून अठरा वर. दिवाळीला चोवीस दिवस आहेत."

"बरं," सोनकी म्हणाली. तिनं पाटीवर आकडा लिहिला, उद्याची हिरड्याची चिमूट होती तेवढीच ठेवली आणि जांभळीचे शेंडे आणायला आजाबरोबर निघाली.